‘संघाचे नियम मोडल्याबद्दल निलंबित’ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत ऑगस्ट उजाडला की विद्यापीठांच्या फुटबॉल संघांकडून एक ठरलेलं वाक्य ऐकू यायला लागतं: अमुक खेळाडूला संघाचे नियम मोडल्याबद्दल बेमुदत निलंबित करण्यात आलं आहे. एवढंच. पुढे खुलासा नाही. या वाक्याच्या पोटात काय काय मावतं, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. पोरगा तासांना दांडी मारत असेल, तपासणीत गांजा सापडला असेल, दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला असेल, किंवा त्यानं एखाद्या मुलीचा जबडा फोडला असेल. चारही गोष्टींना तेच एक वाक्य. आणि ‘बेमुदत’ ही मुदत कधी कधी शनिवारच्या सामन्याच्या आदल्या दिवशीच संपते.

आपल्याकडची कितीतरी मुलंमुली पर्ड्यू, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम, अॅरिझोना स्टेट अशा विद्यापीठांत एमएस करायला जातात. हे सगळं घडतं ते याच आवारांत, याच वसतिगृहांत. खेळाडू आणि आपली मुलं एकाच विद्यार्थी आचारसंहितेखाली येतात आणि तक्रारीही त्याच कार्यालयांत जातात. मुलीला तिकडे पाठवताना आईवडील हवामान विचारतात, भाडं विचारतात. तक्रार करायची वेळ आली तर कोण काय करतं, हेही माहीत असलेलं बरं.

आधी या खेळाचं तिथलं वजन सांगते. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ लोक बसतात. बड्या संघांच्या मुख्य प्रशिक्षकांचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या पुढे गेलेला आहे, आणि कित्येक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा प्रशिक्षकच असतो. खेळाडूला मात्र २०२१ पर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे जवळपास काही घेता येत नव्हतं. तीही १९७३ पासून २०१२ पर्यंत एकेका वर्षाचीच असायची, दरवर्षी नव्यानं मिळवायची. म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या मुलाचं शिक्षण, जेवण, राहणं आणि पुढचं सगळं आयुष्य एका माणसाच्या मर्जीवर. त्या माणसाची नोकरी मात्र शनिवारी सामना जिंकण्यावर. शिस्तीचा प्रश्न सुरू होतो तो या दोन टोकांच्या मध्ये.

एक घटना, अनेक दारं

गोंधळ का होतो, हे समजायला मिनेसोटा विद्यापीठाचं २०१६ सालचं प्रकरण पाहावं. संघानं १ सप्टेंबरला हंगामाचा पहिला सामना जिंकला. २ सप्टेंबरच्या पहाटे एका खोलीत जे घडलं, त्याबद्दल एका विद्यार्थिनीनं अनेक खेळाडूंविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. सगळं संमतीनं झालं, असं खेळाडूंचं म्हणणं होतं.

पहिलं दार पोलिसांचं. त्यांची चौकशी चालू असताना चार खेळाडूंना सामन्यांपासून दूर ठेवण्यात आलं. हे दुसरं दार, संघाचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरकारी वकिलांनी जाहीर केलं की खटला भरण्याइतका पुरावा नाही. चौघे पुन्हा खेळायला लागले. चाहत्यांच्या लेखी विषय संपला.

विद्यापीठात मात्र तिसरं दार उघडंच होतं. ‘टायटल नाइन’ नावाचा १९७२ सालचा एक कायदा आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच तो मुळात सांगतो. मुलींना खेळात जागा मिळाली ती याच कायद्यामुळे. पुढे न्यायालयांनी आणि शिक्षण खात्यानं त्याचा अर्थ वाढवला: एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, तो मुलगा रोज तिच्याच इमारतीत, तिच्याच वर्गात दिसत राहिला आणि म्हणून तिला शिकणं अशक्य झालं, तर तोही भेदभावच. म्हणून तक्रार आली की पोलिसांनी काय केलं याची वाट न पाहता विद्यापीठाला स्वतः चौकशी करावी लागते.

दोन्ही ठिकाणी प्रश्न वेगळा असतो. फौजदारी न्यायालय विचारतं: या माणसाचं स्वातंत्र्य काढून घेण्याइतकी, रास्त शंकेला जागा न उरण्याइतकी खात्री आहे का? विद्यापीठ विचारतं: आमच्या विद्यार्थ्यानं आमची आचारसंहिता मोडली असण्याची शक्यता जास्त की मोडली नसण्याची? तिथे तराजूचं पारडं जरासं एका बाजूला झुकलं तरी बहुतेक विद्यापीठांत निर्णय होतो. म्हणून एकाच पुराव्यावर दोन वेगळे निकाल लागू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ‘कोर्टात काहीच झालं नाही, मग विद्यापीठ कोण लागून गेलं?’ हा प्रश्न दर हंगामात ऐकू येतो. त्याचं उत्तर इथे आहे. शिक्षाही वेगळी असते. विद्यापीठ कुणाला तुरुंगात टाकत नाही, ते फार तर आवाराबाहेर काढतं.

डिसेंबरच्या मध्यावर विद्यापीठाच्या चौकशी कार्यालयाचा अहवाल आला आणि दहा खेळाडू निलंबित झाले. संघ हॉलिडे बोल या हंगामअखेरच्या सामन्याची तयारी करत होता. सगळ्या संघानं सरावावर बहिष्कार टाकला. मुख्य प्रशिक्षकानं त्यांचा अभिमान वाटतो असं जाहीरपणे लिहिलं. मग सुमारे ऐंशी पानांचा तो अहवाल एका स्थानिक दूरचित्रवाहिनीनं लोकांसमोर आणला. खेळाडूंनी, त्यांच्या आईवडिलांनी तो वाचला. बहिष्कार दोन दिवसांत मागे घेतला गेला. संघ तो सामना १७-१२ असा जिंकला, आणि आठवड्याभरात प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आलं. सरकारी वकिलांनी अहवाल वाचून पुन्हा विचार केला, तरी खटला भरला नाही. विद्यापीठातल्या सुनावण्यांत काहींची हकालपट्टी कायम झाली, काही दोषमुक्त झाले.

बहिष्कार टाकणाऱ्या त्या मुलांना मी दोष देऊ शकत नाही. मित्रांची नावं जगजाहीर झाली होती आणि कारण कुणी सांगत नव्हतं. अर्धवट माहितीवर माणूस आपल्याच माणसाची बाजू घेतो. पूर्ण माहिती हाती आल्यावर त्यांनी पाऊल मागे घेतलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जर्सी विकली तर चार सामने

आता वरची दोन दारं. संघ ज्या गटात खेळतो ती कॉन्फरन्स, आणि सगळ्यांच्या वर एनसीएए ही देशपातळीची संस्था. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, गंभीर गुन्हा झाला तर एनसीएए त्या खेळाडूवर बंदी घालत असेल. तसं होत नाही, आणि याचं कारण तिच्या जन्मात आणि वाढीत आहे.

१९०५ च्या हंगामात मैदानावर इतकी मुलं दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यातून १९०६ मध्ये ही संस्था उभी राहिली. पुढच्या शंभर वर्षांत तिचं नियमांचं पुस्तक वाढत गेलं ते मुख्यतः दोन गोष्टींभोवती: खेळाडू हौशी राहिला पाहिजे, आणि कुठल्याही संघाला पैशाच्या जोरावर आघाडी मिळता कामा नये. शेजारच्या मुलीला मारू नये, असा नियम त्या पुस्तकात लिहायची गरज कुणाला वाटली नाही. ते काम कायद्याचं, असं धरून चाललं गेलं.

परिणाम डोळ्यांत भरतो. २०१० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीननं आपली एक जर्सी १,००० डॉलरला विकली. जर्सी त्याचीच होती. एनसीएएनं त्याला चार सामने बाहेर बसवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी स्वतःला मिळालेल्या अंगठ्या आणि जर्सी विकल्याचं, त्या बदल्यात टॅटू काढून घेतल्याचं उघड झालं. प्रत्येकी पाच सामने. प्रशिक्षकानं माहीत असूनही कळवलं नाही म्हणून २०११ मध्ये त्याची नोकरी गेली. त्याआधी, १९८७ मध्ये, टेक्ससमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा अख्खा हंगाम रद्द केला होता, कारण तिथे खेळाडूंना चोरून पैसे दिले जात होते.

याच्याशेजारी बेलर विद्यापीठ ठेवून पाहा. टेक्ससमधल्या या विद्यापीठात फुटबॉल खेळाडूंविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं दाबल्या गेल्या. विद्यापीठानंच नेमलेल्या वकिलांनी चौकशी केली. फुटबॉल विभागातली माणसं तक्रारदार मुलींना किंवा त्यांच्या पालकांना परस्पर भेटत होती आणि योग्य कार्यालयाला कळवत नव्हती, असं त्यात निघालं. मे २०१६ मध्ये प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना काढलं, अध्यक्ष केन स्टार यांना पायउतार व्हावं लागलं. एनसीएएचा निर्णय यायला २०२१ चा ऑगस्ट उजाडला. त्यात विद्यापीठाच्या नैतिक अपयशावर कडक शब्द होते. पण तक्रारी न कळवणं हा एनसीएएच्या नियमांचा भंग ठरला नाही. का? तर तक्रारी न कळवण्याचा रोग साऱ्या विद्यापीठभर होता. फक्त खेळाडूंना दिलेली खास सवलत म्हणून तो सिद्ध होत नव्हता. अपयश सर्वांसाठी सारखं होतं, म्हणून नियम मोडला नाही. हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत मागे जाऊन वाचावा लागला. नियमांच्या अक्षराला धरून तो बरोबर आहे. म्हणूनच ते नियम कशासाठी लिहिले गेले, हे त्यातून इतकं स्वच्छ दिसतं.

एकदा एनसीएएनं पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं होतं. पेन स्टेट विद्यापीठाचे माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की २०१२ मध्ये मुलांवरील अत्याचाराच्या ४५ आरोपांत दोषी ठरले. महिन्याभरात एनसीएएनं विद्यापीठाला ६ कोटी डॉलर भरायला लावले, चार वर्षं बोल सामन्यांवर बंदी घातली, जुने ११२ विजय पुसून टाकले. पण हा अधिकार तुम्हाला दिला कुणी, असा वाद उठला, कज्जे झाले. बंदी २०१४ मध्येच उठली आणि जानेवारी २०१५ मध्ये विजयही परत दिले गेले. त्यानंतर एनसीएए फौजदारी स्वरूपाच्या प्रकरणांत हात घालायला कचरते.

चावी प्रशिक्षकाच्या हाती

म्हणजे शनिवारी कोण खेळणार, हे व्यवहारात बहुतेक वेळा प्रशिक्षक ठरवतो. इथली सर्वांत जास्त चर्चिली गेलेली गोष्ट नेब्रास्काची आहे.

लॉरेन्स फिलिप्स कॅलिफोर्नियातल्या निराधार मुलांच्या वसतिगृहांत वाढला होता. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, म्हणून असा की पाहत राहावं. ९ सप्टेंबर १९९५ ला त्यानं मिशिगन स्टेटविरुद्ध चार टचडाऊन केले. त्याच रात्री तो एका सहखेळाडूच्या सदनिकेत शिरला. तिथे असलेल्या आपल्या आधीच्या मैत्रिणीला त्यानं मारहाण केली, केसांना धरून जिन्यावरून फरफटत खाली नेलं. तीही त्याच विद्यापीठाची खेळाडू होती, बास्केटबॉलची.

प्रशिक्षक टॉम ऑसबोर्न यांनी त्याला आधी काढलं, मग त्याचं निलंबन केलं आणि सहा सामन्यांनंतर परत घेतलं. त्यांचं कारण त्यांनी लपवलं नाही. या मुलाच्या आयुष्यात फुटबॉल सोडून दुसरा आधार नाही. तोही काढून घेतला तर तो कायमचा हातातून जाईल, असं ते सांगत राहिले. ऑसबोर्न यांच्या कळकळीवर त्यांच्या टीकाकारांपैकीही अनेकांनी शंका घेतली नाही. पण २ जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बोलमध्ये, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात, फिलिप्स सुरुवातीपासून मैदानात होता. तो १६५ यार्ड धावला, त्यानं तीन टचडाऊन केले आणि नेब्रास्का ६२-२४ असं जिंकलं. हे दृश्य पाहिल्यावर प्रशिक्षकाचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी तो कुणाला पटणार? त्याच रात्री संघाला त्याची गरज नसती, तरीही तो परत आला असता का, हे सिद्ध करण्याचा मार्गच उरला नाही.

त्या वर्षी व्यावसायिक लीगनं त्याला सहाव्या क्रमांकावर निवडलं. तिथेही तो टिकला नाही, पुढे हिंसेच्या गुन्ह्यांत त्याला तीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली, आणि जानेवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात तुरुंगवास भोगत असताना त्याचा मृत्यू झाला. वय ४०. कुणी म्हणतं ऑसबोर्न यांनी फार लवकर माफ केलं, कुणी म्हणतं त्याला सावरायचा प्रयत्न करणारे ते शेवटचे. मला या दोन्ही बाजूंत एक व्यक्ती गायब दिसते. ज्या मुलीला फरफटत नेलं, तिच्या शिक्षणाचं आणि तिच्या आधाराचं काय झालं, हा प्रश्न त्या वर्षीच्या चर्चेत शेवटच्या ओळीत यायचा, आला तर. टायटल नाइनचं कार्यालय विद्यार्थिनीपासून सुरुवात करतं. प्रशिक्षक, स्वभावतःच, खेळाडूपासून करतो. निर्णय कुणाच्या टेबलावर होतो यानं म्हणूनच फरक पडतो.

ओक्लाहोमाच्या जो मिक्सनचं प्रकरण याला एक वेगळा पदर जोडतं. जुलै २०१४ मध्ये नॉर्मन शहरातल्या एका खाण्याच्या दुकानात त्यानं एका विद्यार्थिनीला ठोसा मारला. तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. किरकोळ स्वरूपाच्या गुन्ह्याचा खटला झाला. त्यानं ‘अल्फर्ड प्ली’ नावाची तिथली सोय वापरली: गुन्हा कबूल करत नाही, पण तुमचा पुरावा मला दोषी ठरवायला पुरेसा आहे हे मान्य. १०० तास समाजसेवा, समुपदेशन, एक हंगाम संघाबाहेर. शिष्यवृत्ती चालू. २०१५ मध्ये तो परत खेळू लागला.

ठोशाचं चित्रण दुकानातल्या कॅमेऱ्यात होतं. अधिकाऱ्यांनी पाहिलं होतं, लोकांनी नाही. वृत्तसंस्थांनी दोन वर्षं भांडून ते मिळवलं; ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर २०१६ मध्ये ते बाहेर आलं. त्यानंतर प्रशिक्षक बॉब स्टूप्स यांनी सांगितलं की आज असं घडलं तर थेट हकालपट्टीच होईल. घटना तीच, पुरावा तोच, ठोसा तोच. बदललं ते एवढंच की आता सगळ्यांनी तो पाहिला होता. मिक्सन मात्र जानेवारीतला शुगर बोल खेळला आणि पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेला.

गप्प का बसतात

पत्रकारांनी विचारलं की विद्यापीठ ‘फर्पा’कडे बोट दाखवतं. १९७४ चा हा कायदा विद्यार्थ्याच्या नोंदी खासगी ठेवतो. तो चांगला आहे, आपल्या मुलांचे गुणही त्याच्यामुळेच सुरक्षित असतात. पण त्याला एक अपवाद आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. हिंसक किंवा लैंगिक स्वरूपाच्या गुन्ह्याबद्दल विद्यार्थी विद्यापीठाच्या चौकशीत दोषी ठरला, तर त्याचं नाव, नियमभंग आणि शिक्षा उघड करायला फर्पा आड येत नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रानं आणि इतर माध्यमांनी यासाठी दावा लावला, आणि २०२० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं नोंदी द्यायचा आदेश दिला. विद्यार्थ्यांची ही वृत्तपत्रं फार मोठं काम करतात. २०२३ च्या जुलैत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं संघातल्या रॅगिंगच्या तक्रारींवरून प्रशिक्षक पॅट फिट्झजेराल्ड यांना दोन आठवडे बिनपगारी निलंबित केलं होतं. दुसऱ्याच दिवशी विद्यार्थी वृत्तपत्रानं आत काय चालायचं याचा तपशील छापला, आणि दोन दिवसांत प्रशिक्षकाची नोकरी गेली. आपल्याला काही माहीत नव्हतं, हे त्यांचं म्हणणं कायम राहिलं. त्यांनी दावा लावला आणि २०२५ मध्ये तो तडजोडीनं मिटला. कुणा खेळाडूनं त्यांना रॅगिंगबद्दल सांगितलं किंवा त्यांनी ते चालवून घेतलं असं पुराव्यावरून सिद्ध होत नाही, असं तेव्हा विद्यापीठानंही मान्य केलं.

इथून काढला, तिथे खेळला

काढून टाकलेला खेळाडू वर्षभर एखाद्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात काढतो आणि मग दुसऱ्या बलाढ्य संघात उभा राहतो, ही जुनी वाट आहे. कधी ती योग्य असते. पण हिंसेच्या प्रकरणात नव्या आवारातल्या मुलींना काहीच माहीत नसतं. २०१५ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सनं, जॉर्जिया विद्यापीठाच्या प्रस्तावावरून, घरगुती किंवा लैंगिक हिंसेसारख्या कारणानं दुसरीकडून काढलेला खेळाडू घ्यायला आपल्या संघांना बंदी केली. २०१७ मध्ये इंडियाना विद्यापीठानं स्वतःपुरता असाच नियम केला.

देशपातळीवर हा प्रश्न रेटला तो ब्रेंडा ट्रेसी यांनी. १९९८ मध्ये ओरेगनमध्ये चौघांनी आपल्यावर सामूहिक बलात्कार केला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांपैकी दोघं ओरेगन स्टेटचे खेळाडू होते. खटला उभा राहिला नाही. प्रशिक्षक माइक रायली यांनी त्या दोघांना प्रत्येकी एक सामना बाहेर बसवलं. एक सामना. वर जर्सीसाठी चार मोजले होते. ट्रेसी यांनी २०१४ मध्ये स्वतःच्या नावानिशी सगळं सांगितलं. रायली त्यानंतर थोड्याच दिवसांत ओरेगन स्टेट सोडून गेले. २०१६ मध्ये ते नेब्रास्काचे प्रशिक्षक असताना त्यांनी ट्रेसी यांना बोलावलं आणि आपल्या संघासमोर बोलायला उभं केलं. ज्या संघात वीस वर्षांपूर्वी फिलिप्स होता, त्याच संघासमोर.

२०२० मध्ये एनसीएएनं एक पाऊल टाकलं, ते २०२२-२३ पासून अमलात आलं. हिंसेबद्दल आपल्याला शिक्षा झाली आहे का, टायटल नाइनखाली कारवाई झाली आहे का, हे खेळाडूनं दरवर्षी विद्यापीठाला लिहून द्यायचं. बदली घेताना चौकशी अर्धवट सुटली असेल तर तेही सांगायचं. विद्यापीठानं ते पडताळायचं. मात्र उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय करायचं, हे एनसीएए ठरवत नाही. ते ज्या त्या विद्यापीठावर सोडलं आहे. दरम्यान बदली घेणं फार सोपं झालं आहे. २०२४ पासून खेळाडू एकही हंगाम बाहेर न बसता कितीही वेळा संघ बदलू शकतो, फक्त अभ्यासात पात्र हवा.

उलट बाजूची चूक

घाईत शिक्षा केल्यानंही आयुष्यं उद्ध्वस्त होतात. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लक्रॉस संघातल्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकाला जावं लागलं. वर्षभरानं राज्याच्या महाधिवक्त्यांनी तिघांना निर्दोष जाहीर केलं आणि पुरावा लपवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद रद्द झाली. इलिनॉयचा बास्केटबॉलपटू टेरेन्स शॅनन बलात्काराच्या आरोपावरून डिसेंबर २०२३ मध्ये निलंबित झाला. केंद्रीय न्यायाधीशांनी महिन्याभरात त्याला खेळायची मुभा दिली आणि जून २०२४ मध्ये तो खटल्यातून निर्दोष सुटला. हे दोन्ही फुटबॉलबाहेरचे, पण नियम तेच.

सरकारी विद्यापीठाला विद्यार्थ्याचं ऐकून न घेता हाकलता येत नाही, हे तत्त्व १९६१ च्या एका निकालातून आलं. अलाबामातल्या काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहात बसून जेवण मागितलं, म्हणून त्यांना कॉलेजातून काढलं होतं. ते कोर्टात गेले आणि जिंकले. आज बड्या फुटबॉल संघांत कृष्णवर्णीय मुलांचा वाटा मोठा आहे, आणि पोलिसांचा, शिस्त समित्यांचा त्यांना आलेला अनुभव नेहमीच न्यायाचा नव्हता. म्हणून सुनावणीचा हक्क हा खेळाडूंना वाचवायची पळवाट आहे असं कुणी म्हणालं, तर मला ते मान्य नाही. सध्या लागू असलेल्या २०२० च्या नियमांनुसार टायटल नाइनच्या सुनावणीत दोन्ही बाजूंच्या सल्लागारांना उलटतपासणी घेता येते. तक्रारदार मुलीसाठी ते फार जड जातं. आरोपीसाठी तो एकमेव भक्कम बचाव असू शकतो. यातून सोपी वाट मला तरी दिसत नाही.

आपल्या मुलांसाठी एक गोष्ट इथे जोडते. परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठानं निलंबित केलं तर त्याचा व्हिसाच अडचणीत येतो. नोटीस आली की उत्तर देण्याआधी सल्लागार घ्यायचा हक्क वापरावा, ‘समजावून सांगू’ म्हणून एकटं जाऊन बसू नये.

रोजचे गुन्हे आणि नवा पैसा

बहुतेक निलंबनं अर्थातच इतकी भीषण नसतात. गांजा, दारू, वेग, चुकवलेले तास. पहाटे पाचला स्टेडियमच्या पायऱ्या चढणं ही अजूनही सर्रास शिक्षा आहे. लुइझियाना स्टेटचा टायरन मॅथ्यू हा देशातला एक गाजलेला बचावपटू २०१२ मध्ये अमली पदार्थांच्या चाचण्यांवरून काढला गेला. तो उपचार घेऊन परत उभा राहिला आणि २०२० मध्ये कॅन्सस सिटीकडून सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचं अजिंक्यपद, जिंकला. २०२४ मध्ये एनसीएएनं आपल्या वरच्या श्रेणीसाठी गांजा बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतूनच काढला.

वेगाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जॉर्जियानं जानेवारी २०२३ मध्ये अजिंक्यपद जिंकलं. १५ तारखेच्या पहाटे, विजययात्रेनंतर काही तासांत, ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगानं शर्यत लावलेली एक गाडी आदळली. एक खेळाडू आणि गाडी चालवणारी संघाची तरुण कर्मचारी, दोघंही गेले. त्यानंतरही तिथले खेळाडू भरधाव गाडीसाठी पकडले जातच राहिले. २०२४ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी सांगितलं की आता दंडही लावले जातात, चाहत्यांच्या देणग्यांतून खेळाडूंना पैसे देणाऱ्या मंडळामार्फत. प्रशिक्षकाला पूर्वी फक्त बाकावर बसवता यायचं. आता खिशाला हात घालता येतो.

जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीमुळे १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठ एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पैसे आले की करार आला, आणि करारात वर्तनाची कलमं घालता येतात: अमुक केलं तर इतके कापू, तमुक केलं तर करार रद्द. वेगानं गाडी हाणणाऱ्या मुलासाठी हे कदाचित पायऱ्यांपेक्षा गुणकारी ठरेल. हिंसेच्या प्रकरणात मात्र करार दोघांतला असतो, खेळाडू आणि विद्यापीठ. टायटल नाइनच्या निकालाची लेखी प्रत तक्रारदार मुलीला द्यावीच लागते. कराराखाली कुणाचे किती पैसे कापले आणि कशासाठी, हे तिला कळवायला कुणीही बांधील नाही.